मादी : अज्ञात

नर. लांबी, पंख धरून, साडेअकरा मिलिमीटर.
रंग : इथे मी तीन दिवस अडले.
हा रंग दुसऱ्यांदा उकळलेल्या कोऱ्या चहाचा,
काचेच्या ग्लासात, खिडकीच्या उजेडासमोर धरलेला.
लिहिलं : पिवळसर तपकिरी.

डोक्यावर साधे डोळे दोन. तीन नव्हेत, दोन.
शेपटीचे दोरेही दोन.
पंख पाठीवर एकावर एक, सपाट,
इस्त्रीवाल्याने बाह्या आत मुडपून ठेवाव्यात तसे.
डावा मागचा पाय गळालेला.

पायाचं कारण निबंधात देता येत नाही.
रूपजी खरपडे, नॅशनल पार्काच्या मागच्या नाक्यावर
रात्रपाळीला असतो. त्याने हा बल्बखाली धरला
आणि हाताशी होती त्या बाटलीत टाकला,
तळाला दोन बोटं संत्रा शिल्लक होती.
'मॅडम, चपटीत चपटी आणलीय.'
त्यांच्या घरात या किड्याला चपटीच म्हणतात.
मी दगडमाशी म्हणते,
जी माशी नाही, आणि दगडाची तर नाहीच.
स्पिरिट हवं होतं कडक, मिळाली देशी.
एक सांधा सुटला. बाकी सगळा
मोठ्या धीराने शाबूत.

वर्षभर पाण्याखाली, दगडाच्या पोटाशी.
पाणी वाहतं हवं, गार हवं,
साबणाचा एक फेसही सोसत नाही.
मग एका रात्री वर येऊन कात टाकायची.
पंख फुटले की जेवण बंद.
तीन-चार रात्री उरतात. त्यात नर
पोट खडकावर आपटतो, ठक, ठकठक,
आणि थांबतो.

परीक्षकाचं पत्र आलं :
'ठिकाण पुन्हा तपासावे.
अक्षांश-रेखांश मुंबई शहराचे दिसतात.'
तपासले. मुंबईचेच आहेत.
त्यांना तरी काय बोलू?
हेच पाणी खाली तबेल्यांमागून येतं,
दहिसरच्या पुलाखालून जातं,
आणि त्या पुलावरून एकोणीस वर्षं
मी नाकाला पदर लावून कॉलेजात गेले.
नाला म्हणत होते मी त्याला.

दुसरा मुद्दा : 'मादी व अंडी यांचे वर्णन जोडावे.'
ऑक्टोबरात चार रात्री बसलो,
पांढरी चादर, दिवा, थर्मास.
पतंग आले, ढालकिडे आले,
एक खेकडा चालत आला, चादरीच्या कडेला थांबला
आणि परत गेला.
चौथ्या पहाटे पाण्यापासून वीतभर वर
खडकाला चिकटलेली कात दिसली.
पाठीवर उभी चीर. दोन्ही दोरे अखंड.
आत कोणी नाही.
नराची की मादीची, मला कळलं नाही.
रूपजी म्हणाला, 'ही आत्ताच गेली बघा.'

नाव त्याचंच द्यायचं ठरवलं होतं.
तो नको म्हणाला.
'रेशनकार्डावर खरपडेचं खरवडे केलंय त्यांनी.
सहा वर्षं झाली, हेलपाटे चाललेत.
तुमच्या लॅटिनमध्ये काय करतील?'
मग मी प्रत्येक अक्षर तीनदा तपासलं.
चिठ्ठी लिहिली शिसपेन्सिलीने,
बॉलपेनची शाई स्पिरिटात विरघळते.
भाताच्या शितापेक्षा लहान अक्षरांत :
मुंबई. ओहोळ. दिव्याखाली. रू. खरपडे.

छापून आलं तेव्हा त्याला दाखवायला नेलं.
त्याने आपलं आडनाव बोटाने वाचलं,
शेवटी चिकटलेल्या इकारावर जरा अडखळला,
पण बरोबर आहे म्हणाला.
मग खालची ओळ विचारली.
मी मराठीत सांगितली : मादी, अज्ञात.
'अज्ञात म्हणजे मिळाली नाही, का नाहीच?'
या प्रश्नाला आमच्याकडे रकाना नाही.
मी चहाचा कप फिरवत राहिले.

'नाही कशी,' तो म्हणाला,
'मग तो ठोकतोय कुणासाठी?'
सातची ड्युटी होती.
टॉर्च लागेना, त्याला दोन चापट्या मारल्या.
लागला.